शिक्षा कडक हवी की तपास पक्का?

वाचकांचे प्रश्न आणि फौजदारी कायद्याच्या जाणकारांची उत्तरं

मागच्या अंकात आम्ही ‘गुन्हे का होतात आणि न्याय का रखडतो’ या विषयावर पत्रं मागवली होती. बहुतेक पत्रांत संताप आहे, आणि तो खोटा नाही. निवडक पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

रोज पेपर उघडला की खून, कोयते, बलात्कार. आमच्या उमेदीच्या काळात असं नव्हतं. गुन्हे खरंच वाढलेत, की आम्हाला तसं वाटतं?
— निवृत्त मुख्याध्यापक, नांदेड

सर, जो आकडा सगळ्यात जास्त छापला जातो तोच सगळ्यात फसवा असतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) वार्षिक अहवालात घडलेले गुन्हे नसतात, नोंदवलेले गुन्हे असतात. देशात २०१९ मध्ये सुमारे ५१.५६ लाख दखलपात्र (पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते असे) गुन्हे नोंदले गेले आणि २०२० मध्ये एकदम ६६ लाख. त्या वर्षी लोक घरात कोंडलेले होते. वाढ झाली ती मुख्यतः टाळेबंदीचे आदेश मोडल्याच्या, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतल्या कलम १८८ च्या गुन्ह्यांची. २०२२ मध्ये एकूण आकडा ५८.२४ लाखांवर आला. यातल्या कुठल्याही वर्षावरून समाज बिघडला किंवा सुधारला असं म्हणता येणार नाही.

मोजणीची पद्धतही लक्षात घ्या. एकाच एफआयआरमध्ये बलात्कार आणि खून दोन्ही असतील तर अहवालात फक्त खून मोजला जातो, कारण सर्वांत गंभीर गुन्हा तेवढाच धरायचा असा नियम आहे. मोबाइल चोरीला गेला तर पुष्कळदा चोरीऐवजी ‘गहाळ’ असा दाखला हातात ठेवला जातो, आणि ती चोरी आकडेवारीत येतच नाही.

तुलना करायचीच असेल तर खून आणि वाहनचोरी हे दोन आकडे घ्या. खून दडपणं अवघड असतं. गाडी चोरीला गेली की विम्यासाठी एफआयआर लागतोच. देशात २०२१ मध्ये खुनाचे २९,२७२ गुन्हे नोंदले गेले, २०२२ मध्ये २८,५२२. दर एक लाख लोकसंख्येमागे सुमारे २.१. महाराष्ट्रात २०२२ मध्ये २,२९५ खून झाले. संख्येने राज्य देशात तिसरं, पण लोकसंख्येशी भागाकार केला की दर देशाच्या सरासरीखाली येतो. म्हणून बातमीत ‘अमुक शहर पहिलं’ असं दिसलं की आधी पाहावं, की हा दर आहे की नुसती संख्या.

स्त्रियांवरच्या अत्याचारांचा आकडा वाढला तर त्याचा अर्थ दोन्ही प्रकारे लागू शकतो. अत्याचार वाढले असतील, किंवा तक्रार करायला ठाण्यापर्यंत पोचणाऱ्या बायका वाढल्या असतील. केरळचा गुन्हेदर वर्षानुवर्षं जास्त दिसतो, त्यात तिथल्या सजग नोंदणीचा मोठा वाटा आहे. ज्या ठाण्यात तक्रारदाराला हाकलून देतात, त्या ठाण्याचा तक्ता कायम स्वच्छ असतो.

आमच्या भागात सगळ्यांचं म्हणणं आहे की गुन्हे बाहेरून आलेले लोक आणि शेजारच्या वस्तीतले लोक करतात. त्यांनाच आधी उचललं तर निम्मे गुन्हे थांबतील. चूक काय त्यात?
— गृहनिर्माण संस्थेचे सचिव, पिंपरी-चिंचवड

चूक अशी, की नोंदी वेगळंच सांगतात. २०२२ मधल्या खुनांची कारणं पाहा: भांडणं आणि वाद ९,९६२, जुनं वैर ३,७६१, पैशाचा किंवा मालाचा लोभ १,८८४. म्हणजे अनोळखी माणसाने लुटीसाठी केलेला खून, ज्याची आपल्याला सर्वांत जास्त धास्ती वाटते, तो यादीत बराच खाली आहे. बलात्काराच्या नोंदींत दरवर्षी ९४ ते ९७ टक्के आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. घरातले, शेजारचे, कामाच्या ठिकाणचे, लग्नाचं आमिष दाखवणारे. बाहेरच्या माणसावर नजर ठेवून बसलेल्या समाजाचं घरातल्या माणसाकडे दुर्लक्ष होतं, हा या समजुतीचा पहिला तोटा.

स्थलांतरितांबद्दल बोलायचं तर कामासाठी शहरात येणाऱ्यांत तरुण, एकटे पुरुष जास्त असतात, आणि जगात कुठेही या वयाच्या पुरुषांचं गुन्ह्यांतलं प्रमाण जास्तच दिसतं, मग ते स्थानिक असोत की परके. तुलना करायची तर त्याच वयाच्या स्थानिक तरुणांशी करावी लागेल. ती न करता भाषेवर बोट ठेवणं म्हणजे हिशेब अर्धा सोडणं. गरिबीचंही तसंच. गरिबीतून प्रत्येक जण चोर होत नाही. पण दारू, बेकारी, रखडलेला बांधाचा वाद आणि ठाण्यात दाद न मिळणं या गोष्टी एकत्र आल्या की हाणामारी खुनापर्यंत जाते. ग्रामीण महाराष्ट्रात भूमी अभिलेखची मोजणी वेळेत झाली असती तर टळली असती अशी डोकेफोडी किती, हे कोणत्याही तालुका न्यायालयात दिवसभर बसलं तर कळतं.

दुसरा तोटा फार गंभीर आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत आणला. पारधी, कैकाडी अशा समाजांची जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंद झाली आणि माणसं सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात, सेटलमेंटमध्ये ठेवली गेली. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. संशयाची सवय मात्र राहिली. ती फक्त लोकांत नाही, वर्दीतही आहे. ‘कॉमन कॉज’ आणि ‘लोकनीती-सीएसडीएस’ या संस्थांनी २०१९ मध्ये २१ राज्यांतल्या सुमारे बारा हजार पोलिसांचं सर्वेक्षण केलं. त्यांतल्या निम्म्यांना मुस्लिम लोकांचा कल मुळातच गुन्ह्याकडे असतो असं कमीअधिक प्रमाणात वाटत होतं.

याची किंमत काय, हे महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात दिसलं. २००३ मधल्या दरोडा, खून आणि बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा गरीब मजुरांना अटक झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप फाशीत बदलली. त्यांतला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. पुढे निकाल पुन्हा उघडला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी ‘अंकुश मारुती शिंदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयानेच सहा जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी घटनेनंतर दोनच दिवसांत पोलिसांच्या फोटो अल्बममधून वेगळ्याच चार जणांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपास झालाच नाही. राज्याने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश झाला. सोळा वर्षं गेली ती गेलीच, आणि खरे गुन्हेगार एवढा काळ मोकळे राहिले. ‘त्यांनाच आधी उचला’ म्हणणाऱ्याने हा निकाल जरूर वाचावा.

आरोपीला लगेच जामीन मिळतो, मग कायद्याचा धाक कसा राहणार?
— किराणा दुकानदार, सांगली

जामीन म्हणजे सुटका नव्हे. खटला चालतो, तारखेला हजर राहावं लागतं, अट मोडली तर जामीन रद्द होतो. जामीन देताना न्यायालय मुख्यतः तीन गोष्टी बघतं: आरोपी पळून जाईल का, पुराव्यात ढवळाढवळ करेल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का. गुन्ह्याचं गांभीर्यही पाहिलं जातं.

‘लगेच जामीन’ दिसतो त्यामागे तीन वेगळी कारणं असतात. पहिलं, गुन्हाच जामीनपात्र असतो, तिथे जामीन हा हक्क आहे. दुसरं, सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांना अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात. ती नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) कलम ३५(३) खाली नुसती नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं असतं. तिसरं कारण लोकांनी खरं तर धरून ठेवायला हवं. दहा वर्षं किंवा त्याहून जास्त, जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यात ९० दिवसांत आणि इतर गुन्ह्यांत ६० दिवसांत दोषारोपपत्र दाखल झालं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. मग न्यायाधीशांच्या हातात काही उरत नाही. आपण निकालावर चिडतो, पण चूक त्या ६१ व्या किंवा ९१ व्या दिवसापर्यंत कागद न आणणाऱ्याची असते. तुमच्या ओळखीत कुणाचा खटला असेल तर अटकेची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि ५० व्या किंवा ८० व्या दिवशी तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

चित्राची दुसरी बाजू जास्त अंगावर येते. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. जागा ४,३६,२६६ जणांची. यांतले ४,३४,३०२, म्हणजे शंभरातले जवळजवळ ७६, कच्चे कैदी होते, गुन्हा अजून सिद्ध न झालेले. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे आत राहिलेलेही त्यांत असतात. अशांसाठी दोन सोयी आहेत. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ भोगला तर (इतरांनी निम्मा), याच संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे त्याची जामिनावर सुटका व्हायला हवी आणि त्यासाठी अर्ज करायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना किंवा एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असतील तर हे लागू नाही. आणि केंद्राच्या २०२३ च्या गरीब कैदी सहाय्य योजनेतून जामिनासाठी आर्थिक मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी.

बलात्काऱ्याला भर चौकात फाशी द्या, एकदा धाक बसला की कोणाची हिंमत होणार नाही. सरकार हे का करत नाही?
— बचतगटाच्या अध्यक्षा, बीड

ताई, तुमच्यासारख्या शेकडो बायकांची भावना हीच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्या. जे. एस. वर्मा समिती नेमली गेली. तिच्याकडे सुमारे ८० हजार सूचना आल्या, आणि समितीने महिनाभरात, २३ जानेवारी २०१३ रोजी अहवाल दिला. रस्त्यावर फाशीची मागणी चालू असताना समितीने बलात्कारासाठी फाशी सुचवली नाही. तिचा भर पोलिसांची जबाबदारी, वैद्यकीय तपासणी, नोंदणी यांवर होता. कायदा तरी कडक झाला. आधी २०१३ मध्ये शिक्षा वाढल्या, मग २०१८ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलीवरील बलात्काराला फाशीची तरतूद आली, २०१९ मध्ये पोक्सोतही (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आली. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये अशा गुन्ह्यांना फाशीपर्यंत शिक्षा देणारं शक्ती विधेयक मंजूर केलं, त्याला राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही. या काळातल्या बहुतेक वर्षांत बलात्काराच्या खटल्यांत दोषसिद्धीचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आतच घुटमळत राहिलं. हे प्रमाण त्या वर्षी निकाल लागलेल्या खटल्यांचं आहे, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक खटले वर्षाअखेर प्रलंबितच असतात.

आता गुन्हा करणाऱ्याच्या बाजूने हिशेब मांडा. तक्रार होईल याची खात्री नाही. झाली तर साक्षीदार टिकतील याची नाही. टिकले तर निकाल केव्हा लागेल याचा भरवसा नाही. अशा माणसाला दहा वर्षांऐवजी फाशी लिहून ठेवल्याने काय फरक पडतो? धाक बसतो तो पकडलं जाण्याच्या आणि लवकर शिक्षा होण्याच्या खात्रीने. शिक्षा नुसती वाढवून भीती त्या प्रमाणात वाढत नाही, याबाबत गुन्हेशास्त्रात बऱ्यापैकी एकमत आहे. भारताच्या विधी आयोगाने २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवाद सोडून इतर गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करावी असं म्हटलं, त्यातलं एक कारण हेच होतं.

आणखी दोन धोके आहेत आणि ते थेट आपल्या लेकीबाळींशी जोडलेले आहेत. आरोपी मामा, काका, आजोबा असेल, आणि तक्रार म्हणजे त्यांच्या गळ्यात फास असं घरच्यांना वाटलं, तर तक्रार दाबण्यासाठी आईवरचा दबाव वाढतो. आणि बलात्कारालाही फाशी, खुनालाही फाशी, असं झालं की एकमेव साक्षीदार असलेल्या मुलीला जिवंत ठेवण्याचं कारण गुन्हेगाराला उरत नाही.

फाशी सुनावली म्हणजे झाली, असंही नाही. २०२२ मध्ये देशातल्या सत्र न्यायालयांनी १६५ जणांना फाशी सुनावली. २००० सालापासून प्रत्यक्षात फाशी दिली गेली ती आठ जणांना. मुंबईच्या शक्ती मिल सामूहिक बलात्कार प्रकरणात २०१४ मध्ये तिघांना फाशी झाली होती. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ती जन्मठेपेत बदलली आणि लोकांच्या संतापावरून शिक्षा ठरवता येत नाही असं स्पष्ट केलं. फाशी फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ खटल्यातच द्यायची, हे १९८० च्या बच्चनसिंग निकालातलं तत्त्व आजही कायम आहे. १९८३ च्या मच्छीसिंग निकालाने मात्र ‘समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी’ हादरली का, हेही पाहायला सांगितलं, आणि तेव्हापासून लोकमताला किती जागा द्यायची हा वाद न्यायालयांतच चालू आहे. वर सांगितलेल्या सहा मजुरांच्या बाबतीतही लोकांना खात्रीच वाटत होती.

बायकांसाठी धाकापेक्षा उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी सांगतो. अत्याचारानंतर ९६ तासांच्या आत तपासणी झाली तर नमुने मिळण्याची शक्यता चांगली असते. कितीही उशीर झाला तरी तपासणीला जायचंच. एफआयआर नसला तरी सरकारी किंवा खाजगी, कोणत्याही रुग्णालयाला मोफत उपचार द्यावेच लागतात. आंघोळ आणि कपडे धुणं टाळा. कपडे कागदी पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकमध्ये ओल धरून बुरशी येते आणि डीएनए खराब होतो. कुठल्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ होतो, हद्दीचं कारण चालत नाही. अशा गुन्ह्यात एफआयआर न घेणाऱ्या पोलिसाला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. हे कलम ठाण्यात तोंडी म्हणून दाखवलं तरी फरक पडतो. नुकसानभरपाईसाठी मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातो.

सगळ्यांना माहीत असतं कोणी केलं, तरी आरोपी निर्दोष सुटतो. न्यायालयं विकली गेली आहेत का?
— शेतकरी, जत

‘सगळ्यांना माहीत असतं’ आणि ‘न्यायालयात सिद्ध झालं’ यांत मोठं अंतर आहे आणि खटला त्या अंतरात पडतो. भ्रष्टाचार नाहीच असं कोणी म्हणणार नाही. पण निर्दोष सुटकेच्या निकालांत पुन्हा पुन्हा दिसणारी कारणं साधी आणि टाळता येण्यासारखी असतात.

पंच. घटनास्थळाचा किंवा जप्तीचा पंचनामा दोन पंचांसमोर होतो. पुष्कळदा तो ठाण्यात बसून लिहिला जातो आणि चहाच्या टपरीवरच्या नेहमीच्या दोघांच्या सह्या घेतल्या जातात. पाच वर्षांनी उलटतपासात पंच सांगतो, ‘सही माझी आहे, मजकूर माहीत नाही.’ जप्ती गेली. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण सक्तीचं आहे. तुम्हाला पंच म्हणून बोलावलं तर जा, पण कोऱ्या कागदावर सही नको. वाचून, वस्तूंची मोजणी आणि सील डोळ्यांनी बघून, वेळ लिहूनच सही करा.

मुद्देमाल. रक्ताने माखलेला कोयता जप्त झाला, लाखेचं सील झालं, पण प्रयोगशाळेत पोचेपर्यंत तो कोणाच्या ताब्यात होता हे मुद्देमाल रजिस्टरवरून जुळत नाही. घेऊन जाणाऱ्या हवालदाराचा जबाबच नाही. सी.ए. (रासायनिक विश्लेषकाच्या) रिपोर्टमध्ये सील वेगळं. बचाव पक्षाला एवढं पुरतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं अशी तरतूद नव्या संहितेत आली आहे. ती टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहे आणि तिला माणसं आणि गाड्या लागतात.

सीसीटीव्ही. डीव्हीआरमधलं (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र) चित्रण साधारण १५ ते ३० दिवसांत आपोआप पुसलं जातं. घड्याळ दहा मिनिटं पुढे असेल तर त्याची नोंद पंचनाम्यात हवी. चित्रण पेनड्राइव्हवर दिलं की झालं, असं नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं, हॅश मूल्यासह (फाइल बदलली नाही हे दाखवणारा आकडा). प्रमाणपत्र सक्तीचं आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या एका निवडणूक वादातच ठरवून टाकलं. सोसायट्यांनी घटना घडली की त्याच दिवशी डीव्हीआरची हार्डडिस्क बाजूला काढून ठेवावी.

ओळख परेड. इथे आपलीच चूक होते. आरोपी पकडला की त्याचा फोटो तासाभरात गावभर व्हॉट्सअॅपवर फिरतो. साक्षीदाराने परेडआधी फोटो पाहिला की त्या परेडला काडीची किंमत राहत नाही. संतापाच्या भरात केलेलं फॉरवर्ड आरोपीच्या वकिलाच्या कामी येतं. पीडितेचं नाव फलकावर लिहिणंही तसंच. तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षेचा.

कबुली. ‘पोलिसांसमोर कबूल केलं’ अशी बातमी येते आणि लोकांना खटला संपल्यासारखा वाटतो. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही. तिच्यातून एखादी वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. मारून कबुली काढण्यात चार दिवस गेले की तेवढे चार दिवस खरा पुरावा वाळत असतो.

फितुरी. साक्षीदार फुटतो तो लोभाने, भीतीने किंवा कंटाळून. दहा वेळा कोर्टात जाऊन तारीख घेऊन परतलेला मजूर अकराव्यांदा जाणार नाही. धमकी येत असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. धोक्याचा अहवाल पोलिसांनी पाच कामकाजी दिवसांत द्यायचा असतो. ही योजना आहे हेच खेड्यांत फार थोड्यांना ठाऊक आहे.

आणि तपास बंद झाला तर? आपल्याकडे पोलिस ‘ए’, ‘बी’ किंवा ‘सी समरी’ पाठवतात. ‘ए’ म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ‘बी’ म्हणजे तक्रार जाणूनबुजून खोटी, ‘सी’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची. दंडाधिकाऱ्यांची नोटीस तक्रारदाराला येते. ती आली की गप्प बसू नका. ‘प्रोटेस्ट’ अर्ज करून कोणते साक्षीदार तपासले नाहीत ते नावानिशी लिहा.

हैदराबादला पोलिसांनी एन्काउंटर केला तेव्हा लोकांनी फुलं उधळली. न्यायालयात वीस वर्षं घालवण्यापेक्षा ते बरं नाही का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, जळगाव

६ डिसेंबर २०१९ च्या त्या घटनेची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयोगाने केली. अध्यक्ष होते आपल्या विदर्भातले न्या. व्ही. एस. सिरपूरकर. आयोगाचा निष्कर्ष असा, की बलात्कार आणि खुनाचा आरोप असलेल्या चौघांवर ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, त्यांतले तिघे अल्पवयीन होते, आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा. ज्यांच्यावर फुलं पडली त्यांच्याबद्दलचा हा निष्कर्ष आहे.

बदलापूरचं उदाहरण अजून जवळचं. ऑगस्ट २०२४ मध्ये लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्याचं एक कारण शाळेत अत्याचार झालेल्या चिमुकल्यांच्या पालकांची तक्रार घ्यायला ठाण्यात झालेली दिरंगाई हे होतं. अधिकारी निलंबित झाले. तो राग योग्य ठिकाणी लागलेला होता. पुढे सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला आणि काही ठिकाणी जल्लोष झाला. दंडाधिकारी चौकशीने जानेवारी २०२५ मध्ये पाच पोलिसांना त्याच्या मृत्यूला जबाबदार धरलं. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला तिथेच संपतो. कोणाला काय माहीत होतं, कोणी दडवलं, हे त्याच्या तोंडून कधीच बाहेर येत नाही. ज्या मुलींसाठी आपण फुलं उधळतो त्यांचाच त्यात तोटा आहे.

वर उल्लेख केलेल्या २०१९ च्या सर्वेक्षणात ३७ टक्के पोलिसांना किरकोळ गुन्ह्यांत खटल्याऐवजी पोलिसांनीच छोटी शिक्षा द्यावी असं वाटत होतं. आज ही मुभा गुंडासाठी मागितली तर उद्या ती रस्त्यावरच्या कोणत्याही पोराला लागू होते.

सोळा-सतरा वर्षांची मुलं खून करतात आणि सुटतात. बालगुन्हेगाराचं वय कमी का करत नाहीत?
— पालक, पुणे

‘सुटतात’ हे अपुरं आहे. १५ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या बाल न्याय कायद्यात १६ ते १८ वयाच्या मुलाने निर्घृण गुन्हा केला असेल तर बाल न्याय मंडळ त्याच्या समजेची प्राथमिक तपासणी करतं आणि प्रौढासारखा खटला चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. निर्घृण म्हणजे ज्याची किमान शिक्षा सात वर्षं आहे असा. कमाल शिक्षा सातच्या पुढे, पण किमान ठरवलेली नाही, असे गुन्हे त्यात बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. पुण्यात मे २०२४ च्या अपघातानंतर अल्पवयीन चालकाला निबंध लिहायला सांगणाऱ्या आदेशावर लोक चिडले ते स्वाभाविक होतं, पण एका आदेशावरून सगळा कायदा मोडीत काढायचं कारण नाही. २०२२ मध्ये मुलांनी केल्याचा आरोप असलेले गुन्हे देशात ३०,५५५ होते, एकूण नोंदींच्या जेमतेम अर्धा टक्का. कोयता देणारा, गाडी देणारा, दारू पाजणारा प्रौढ सापडतो का, हा प्रश्न मोर्चात विचारायला हवा.

आमच्या तालुक्यात एका घटनेनंतर मोर्चा काढायचा ठरतंय. निवेदनात ‘फाशी द्या’ याशिवाय काय लिहावं?
— तरुण मंडळाचे कार्यकर्ते, संगमनेर

चांगला प्रश्न. निवेदन पोलिस अधीक्षकांना द्या, प्रत जिल्हाधिकारी आणि पालकमंत्र्यांना. मागण्या मोजता येतील अशा लिहा:

- तपास अधिकारी कोण, त्यांच्याकडे सध्या किती गुन्हे आहेत, आणि गंभीर गुन्ह्यासाठी स्वतंत्र अधिकारी मिळेल का.
- नमुने प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला गेले, रिपोर्ट कधी येणार. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रयोगशाळा आहेत. आपले नमुने कुठे अडकलेत ते विचारा.
- दोषारोपपत्र ६० किंवा ९० दिवसांच्या आत जाईल याची लेखी हमी.
- फिर्यादीला तपासाची प्रगती ९० दिवसांत कळवणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ प्रमाणे बंधनकारक आहे. ती कळवली का.
- साक्षीदारांना संरक्षण आणि येण्याजाण्याचा भत्ता.
- तालुक्यातल्या ठाण्यांतली आणि न्यायालयातली रिक्त पदं. दर दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने १९८७ मध्येच म्हटलं होतं. आज मंजूर पदं धरूनही ही संख्या वीस-एकविसाच्या आसपास आहे.

‘आरोपीचं वकीलपत्र कोणी घेऊ नये’ ही मागणी मात्र निवेदनातून काढून टाका. वकील संघांचे असे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलं आहे. आणि वकिलाशिवाय झालेली शिक्षा अपिलात टिकत नाही, मग खटला पुन्हा पहिल्यापासून चालतो आणि कुटुंबाला पुन्हा साक्ष द्यावी लागते.

मोर्चानंतर दोघांनी पाठपुरावा अंगावर घ्यावा. एफआयआर संवेदनशील नसेल तर राज्य पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रत दिसते. खटला सुरू झाला की त्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक घ्या. ई-कोर्ट्स अॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि टप्पा दिसतो. रिक्त पदांची आणि प्रलंबित रिपोर्टची माहिती हवी असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. साक्षीच्या तारखेला मंडळाचे दोनतीन जण न्यायालयात नुसते जाऊन बसले, साक्षीदाराच्या सोबत गेले आणि त्याला घरी सोडून आले, तर साक्षीदार फुटण्याची शक्यता खूप कमी होते. सुनावणी बंद दाराआड असेल तर बाहेर बाकावर थांबा.